पालवणकर बाळू : कसोटीआधीच्या भारतीय संघाचा गोलंदाज

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय दिला तो भारतीय क्रिकेट संघाच्या वाटचालीचा. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हा विषय माझ्यापेक्षा जास्त येतो, हे ठाऊक असूनही मी हो म्हटलं. १९८३चा विश्वचषक, शारजातलं वादळ, २०११ची वानखेडेवरची रात्र हे सगळं तुम्ही झोपेतसुद्धा म्हणून दाखवाल, म्हणून मी तिकडे फिरकतच नाही. मी लिहिते आहे वाटचालीच्या पार सुरुवातीला उभ्या असलेल्या एका माणसाबद्दल. हा माणूस एकही कसोटी खेळला नाही. तरीही भारताचा म्हणून जो पहिला संघ परदेशी गेला, त्यातला सगळ्यात मोठा गोलंदाज तोच होता.

शाळेत आपल्याला शिकवलेलं आठवत असेल, भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२, लॉर्ड्स, कर्णधार सी. के. नायडू. प्रश्नमंजूषेत हा हमखास दोन गुणांचा प्रश्न असायचा. उत्तर बरोबरच आहे. पण माझ्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. एखाद्या प्रणालीची पहिली अधिकृत आवृत्ती बाहेर पडते तेव्हा तिच्यामागे न मोजलेल्या कितीतरी आवृत्त्या असतात, आणि मूळ रचना तिथेच ठरून गेलेली असते. भारतीय संघाची अशी आधीची आवृत्ती १९११ सालची आहे. तिच्यात पालवणकर बाळू होते.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे घर पुण्याला आलं. पुण्यात छावणी होती, छावणीत गोरे अधिकारी होते आणि अधिकारी होते म्हणून क्रिकेट होतं. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही याच वाटेने आले. एका घरातले चौघे भाऊ पहिल्या दर्जाचे क्रिकेटपटू, हे आजही नवलाचंच आहे.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. पगार महिना ३ रुपये. काम म्हणजे मैदान झाडणं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणं. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले, तिथे ४ रुपये झाले. रोलर, चुन्याच्या रेषा, जाळ्या लावणं, जाळ्या काढणं. मैदानावरचा माळी जे जे करतो ते सगळं. एका साहेबाने त्यांना जाळीत चेंडू टाकायला सांगितलं आणि त्या दिवसापासून ते डावखुरी संथ फिरकी टाकू लागले.

त्या क्लबात जॉन ग्रेग नावाचा एक फलंदाज अधिकारी होता, त्या काळच्या हिंदुस्थानातल्या सर्वोत्तम गोऱ्या फलंदाजांपैकी एक. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. ग्रेगला बाद केलं की प्रत्येक वेळी बाळूंना आठ आणे मिळत, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असेल तर महिन्याच्या चार रुपयांपुढे आठ आणे म्हणजे काय, याचा हिशेब तुम्हीच करा. आठ वेळा ग्रेगची विकेट आणि महिन्याचा पगार वसूल! खोटी असली तरी एवढं नक्की, की जगातल्या फार थोड्या गोलंदाजांना इतक्या चांगल्या फलंदाजाला रोज इतके चेंडू टाकायला मिळाले असतील. टप्पा, उंची, वेग बदलणं, दोन्ही बाजूंना चेंडू वळवणं, हे सगळं त्यांनी तिथे कमावलं. हे काम करताना त्यांच्या हातात बॅट मात्र कुणीच दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, गोलंदाजी नोकराने. आपल्या क्रिकेटमध्ये फलंदाजाला राजा आणि गोलंदाजाला मजूर मानायची सवय अजून पुरती गेलेली नाही. तिचं मूळ मला या जाळीत दिसतं.

पुण्यात तेव्हा हिंदूंचाही एक क्लब होता आणि त्याला युरोपियनांना हरवायचं होतं. बाळू त्यांच्याकडे आले तर ते शक्य आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रश्न होता जातीचा. क्लबातल्या काही सभासदांनी बाळूंना घेण्याचा आग्रह धरला, काहींनी विरोध केला. शेवटी जिंकायची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू तंबूत बसत आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या बोळक्यात मिळे. ते बोळकं नंतर फेकून दिलं जाई. जेवायला त्यांचं पान वेगळं. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर कनिष्ठ जातीचाच नोकर कोपऱ्यात नेऊन त्यांच्या हातावर ओते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली मधली सुट्टी आठवली. आपण एकमेकांचे डबे किती सहज उचलायचो. कुणाच्या डब्यात काय आहे एवढाच प्रश्न असायचा. तो सहजपणा आपल्या आधीच्या काही पिढ्यांनी किती कष्टाने मिळवला होता, याची तेव्हा काहीच कल्पना नव्हती.

बाळू आल्यावर पुण्याचे हिंदू जिंकायला लागले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना गाजला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथल्या मंडळींनी खेळपट्टी दाबून दाबून निर्जीव केली होती आणि तरी त्यांनी सात बळी घेतले, असं सांगतात. पुण्याला परतल्यावर त्यांचा जाहीर सत्कार झाला. ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असं न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या सहकाऱ्यांना विचारल्याची आठवणही नोंदली गेली आहे. समाजसुधारणेच्या सभांमध्ये वर्षानुवर्षं जो विषय घोळत होता, तो असा चेंडूबरोबर मैदानात आला.

१८९६-९७मध्ये प्लेगची साथ आली. पुण्यातून पुष्कळ माणसं बाहेर पडली, बाळूही मुंबईला आले. पुढे त्यांनी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी केली आणि तिच्याच संघातून खेळले. मुंबईचं क्रिकेट समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. चर्नी रोडच्या बाजूने समुद्राकाठाने गेलात तर आजही पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना एका रांगेत दिसतात. क्रिकेट धर्मावर वाटलेलं होतं. आधी युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना होई. १९०७पासून त्यात हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२पासून मुसलमान आले तेव्हा ती चौरंगी झाली. १९३७पासून ख्रिस्ती, ज्यू वगैरे बाकीच्यांचा एक संघ आला आणि ती पंचरंगी झाली. पंचरंगीच्या कथा आपल्या आजोबांच्या पिढीने रंगवून सांगितल्या आहेत. क्रिकेट उत्तम होतं, गर्दी प्रचंड होती. पण त्या रचनेत भारत नावाचा संघ कुठेच नव्हता.

हिंदू जिमखान्यातही बाळूंच्या प्रवेशाला विरोध झाला. पण पुण्यापेक्षा मुंबई जरा पुढे होती. तिथे त्यांना इतरांबरोबर चहा आणि जेवण मिळू लागलं. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना आव्हान दिलं. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. १०९ धावांनी विजय. बाळूंनी सामन्यात ८ बळी घेतले आणि भाऊ शिवरामही संघात होते. बातमी देशभर गेली. इंडियन सोशल रिफॉर्मर या साप्ताहिकाने धावसंख्येपेक्षा वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. या भावांना जिमखान्यात घेतल्यामुळे हजारो हिंदू तरुणांची मनं जितकी मोकळी झाली, तितकी बाकीच्या कुठल्याही सुधारणेने झाली नसतील, असं त्याने लिहिलं.

आता १९११. हिंदुस्थानचा म्हणून एक संघ इंग्लंडला न्यायचा, ही कल्पना काही वर्षं चर्चेत होती आणि दर वेळी कुणाचे किती खेळाडू या भांडणात बुडत होती. त्याआधी पारशी संघ १८८६ आणि १८८८मध्ये इंग्लंडला जाऊन आले होते, पण ते पारशांचे संघ होते. आपले सगळ्यात प्रसिद्ध फलंदाज रणजितसिंहजी इंग्लंडकडून खेळत होते. अखेर जो संघ ठरला त्यात पारशी, हिंदू आणि मुसलमान यांचं प्रमाण ठरवून घेतलं होतं. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह. वय एकोणीस. बाळू पस्तिशीचे होते, आणि गोलंदाज म्हणून त्यांच्या जवळपास येईल असा दुसरा कुणी देशात नव्हता. तरी कर्णधार महाराजच असणार होते, यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. पैसा, ओळखी, दरबार हे सगळं महाराजांकडे होतं.

संघ इंग्लंडला पोचला आणि महाराज लवकरच संघातून दिसेनासे झाले. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा सोहळा होता, मेजवान्या होत्या, मुलाखती होत्या. के. एम. मिस्त्री हे संघातले अव्वल पारशी फलंदाज महाराजांच्या सेवेत असल्यामुळे तेही बहुतेक त्यांच्याबरोबरच राहिले. उरलेला संघ एका काउंटीकडून दुसऱ्या काउंटीकडे जात राहिला आणि हरत राहिला. एकूण २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. यांतले १४ सामने प्रथम श्रेणीचे, त्यांत फक्त २ विजय.

या पडझडीत बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. सरासरी अठरा-एकोणीसच्या आसपास. नुसते प्रथम श्रेणीचे सामने धरले तरी ७५ बळी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. खांदा दुखत होता, दुसऱ्या बाजूने आधार नव्हता, झेल सुटत होते. ते टाकत राहिले. लेस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी ११ बळी घेतले आणि हिंदुस्थानी संघाने काउंटीवर पहिला विजय मिळवला. पुढे सॉमरसेटला एका विकेटने हरवलं, त्यात शिवराम यांनी शतक काढलं. म्हणजे या पहिल्या भारतीय संघाच्या प्रथम श्रेणीतल्या दोन्ही विजयांत पालवणकरांच्या घरातला हात होता.

आकडे वाचायची मला व्यवसायामुळे सवय आहे, म्हणून एक गोष्ट जोखून पाहिली. बाळूंच्या नावावर आयुष्यभरात प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. म्हणजे जवळजवळ ४२ टक्के बळी त्या एकाच दौऱ्यात, अनोळखी हवामानात, पस्तिशीत. एवढा गोलंदाज पंधरा-वीस वर्षं मुंबईत उपलब्ध होता आणि त्याच्या वाट्याला आयुष्यात ३३ प्रथम श्रेणी सामने आले. तेव्हा सामनेच फार कमी होत, हे खरं. पण त्या ३३च्या आकड्यापाशी मी थोडा वेळ थांबले.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सभेसाठी मानपत्र तयार करणाऱ्यांत विशीतले भीमराव आंबेडकर होते, असं सांगितलं जातं. आंबेडकर तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. त्यांच्या पिढीतल्या मुलांसमोर असा एक माणूस होता, जो गोऱ्यांच्या मैदानावर रोलर ओढत मोठा झाला आणि त्यांच्याच देशात जाऊन त्यांच्या फलंदाजांना बाद करून आला.

यानंतर खरं म्हणजे बाळूंनी हिंदूंचं कर्णधारपद भूषवायला हवं होतं. वय, अनुभव, कर्तृत्व सगळं होतं. १९१३मध्ये कर्णधार झाले एम. डी. पै. ते १९११च्या दौऱ्यावर बाळूंबरोबर होते. त्यांच्या सत्काराच्या वेळी पैंनी उभं राहून सांगितलं, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. माणूस सरळ होता. पण निवड समितीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. वर्षामागून वर्षं गेली. बाळू गोलंदाजी करत, क्षेत्ररक्षण कसं लावायचं ते सुचवत, आणि नाणेफेकीला दुसरंच कुणीतरी जाई.

१९२०मध्ये हे प्रकरण फुटलं. पै पहिल्या सामन्याला नव्हते. त्यांच्या जागी कर्णधार म्हणून दि. ब. देवधर यांना नेमलं आणि बाळूंना संघातूनच वगळलं. बाळू तेव्हा चव्वेचाळिशीचे होते, तेव्हा वगळण्याला वयाचं कारण देता आलं असतं. पण विठ्ठल तर भरात होते, देवधरांपेक्षा ज्येष्ठ होते आणि हिंदूंचे आघाडीचे फलंदाज होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि वर्तमानपत्रांतून आपली बाजू मांडली. त्यांचा मुद्दा साधा होता. कर्णधार खेळातल्या गुणांवर निवडायचा की समाजातल्या स्थानावर, हे एकदा स्पष्ट करा.

देवधरांवर राग धरायचं मला काही कारण दिसत नाही. पुण्यातले प्राध्यापक, उत्तम फलंदाज, आणि पुढे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार. आपण सगळे त्यांचं नाव आदरानेच घेत आलो. त्यांची निवड करणारे लोक वेगळे होते. त्या काळात गांधीजींनी अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसच्या व्यासपीठावर आणला होता, त्यामुळे मुंबईत या माघारीची चर्चा क्रिकेटच्या बाहेरही झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले. भावांना सन्मानाने परत बोलावलं, बाळूंना संघात घेतलं आणि उपकर्णधार केलं. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदूंचं नेतृत्व बाळूंनी केलं. गावोगावी शाळांत शिवाशिव पाळली जात होती त्या काळात, भर मुंबईत एका चांभाराच्या इशाऱ्यावर ब्राह्मण, प्रभू, गुजराती खेळाडू पॉइंटवरून कव्हरला जात होते.

तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. त्यांत सगळ्या जातींची माणसं होती. आपल्या तीन रुपयांच्या नोकरीपासून इथपर्यंत ३० वर्षं गेली होती, आणि बाळू हे बघायला होते. भावांच्या या सगळ्या हकिकती आपल्यापर्यंत पोचल्या त्या बऱ्याच अंशी विठ्ठल यांच्यामुळे. १९४८मध्ये त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं.

संघाची अधिकृत कहाणी इथून वेग घेते, ती थोडक्यात सांगते. १९२६मध्ये आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ आला. मुंबई जिमखान्यावर हिंदूंकडून खेळताना सी. के. नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या. नंतर देवधरांनी १४८ केल्या. पाहुण्यांना पटलं, की हे लोक कसोटी खेळू शकतात. डिसेंबर १९२८मध्ये क्रिकेट नियामक मंडळ झालं. १९३२मध्ये संघ इंग्लंडला निघाला तेव्हा कर्णधार म्हणून पुन्हा एक राजेच होते, पोरबंदरचे महाराज. त्यांचा मोठेपणा हा, की आपल्याला खेळता येत नाही हे ओळखून ते बाजूला झाले. उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार होते, ते दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. म्हणून लॉर्ड्सवर नायडू कर्णधार झाले. महंमद निसारने पहिल्या डावात पाच बळी घेतले, अमरसिंगने दुसऱ्या डावात अर्धशतक काढलं, भारत १५८ धावांनी हरला. चार वर्षांनी पुन्हा विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्याचं काय झालं ते क्रिकेट वाचणाऱ्यांना माहीत आहे. लाला अमरनाथना मध्येच घरी पाठवलं गेलं. १९२०मध्ये विठ्ठल आणि शिवराम यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भारतीय संघ १९३६मध्येही शोधत होता.

बाळू मात्र तोवर दुसऱ्याच मैदानात उतरले होते. १९३२च्या जूनमध्ये लॉर्ड्सची कसोटी झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये येरवड्याला गांधीजींचं उपोषण. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की नकोत, या वादात आंबेडकर आणि गांधीजी समोरासमोर होते. बाळू गांधीजींच्या बाजूचे होते. एम. सी. राजा यांच्याबरोबर आंबेडकरांची समजूत काढण्याच्या प्रयत्नात ते होते आणि पुणे करारावर त्यांची सही आहे. ज्याच्या मानपत्रासाठी कधी तरुण भीमरावांनी लेखणी उचलली होती, तो माणूस आता त्यांच्या पलीकडच्या बाजूला बसला होता.

१९३७मध्ये तर मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. इथे आपल्यापैकी काहींचं मन एका बाजूला झुकेल, काहींचं दुसऱ्या. मला स्वतःला वाटतं, की त्या निवडणुकीत आंबेडकर जिंकले हे देशाच्या दृष्टीने चांगलंच झालं. आणि तरीही बाळूंना कुणाचं प्यादं म्हणायला मी तयार नाही. मैदानावर त्यांनी जे मिळवलं होतं ते संघात राहून, हळूहळू, इतरांना आपली गरज पटवत मिळवलं होतं. तोच मार्ग राजकारणातही चालेल असं त्यांना वाटलं असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही. आंबेडकरांना तेवढी वाट बघणं मान्य नव्हतं, आणि बाळूंच्या कर्णधारपदाचा इतिहास पाहिला तर त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

१९४६मध्ये पंचरंगी बंद झाली. धर्माच्या नावाने संघ खेळवणं बरं नाही, असं गांधीजींसह अनेकांचं मत आधीपासून होतं. तोवर रणजी करंडकाने प्रांतांचे संघ उभे केले होते. ज्या हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी पालवणकर भावांनी एवढं सोसलं, तो संघच आता उरला नाही. देश स्वतंत्र झाला.

फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. पहिल्या कसोटीपासून वीस वर्षांनी आलेला हा पहिला कसोटी विजय. कर्णधार होते विजय हजारे, सांगलीचे, ख्रिस्ती, पंचरंगीत बाकीच्यांच्या संघातून खेळलेले, आणि कुठल्याही संस्थानाचे राजे नव्हेत. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं केली. सामन्यात १२ बळी घेणारे विनू मांकड होते डावखुरे संथ फिरकी गोलंदाज. बाळू तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून मुंबईत राहत होते.

४ जुलै १९५५ रोजी ते गेले. सांताक्रूझच्या स्मशानात त्यांना निरोप द्यायला क्रिकेटपटू आणि राजकारणातले पुढारी दोन्ही आले होते.